निहित : गाण्यात ठेवलेले आकडे

कूटकाव्याविषयी आपली एक ठरलेली समजूत असते. कवीने अर्थावर पडदा टाकायचा, रसिकाने तो दूर सारायचा, आणि सारता आला नाही तर ज्याला येतो त्याच्याकडे जायचे. आपल्याकडील संतांच्या कूट रचनांनी, भारुडांनी आणि लग्नघरातल्या कोड्यांनी ही समजूत पक्की केली आहे. परंतु भारतीय वाङ्मयात कूटाची अशीही एक शाखा आहे, की जिथे शब्दांचा अर्थ उघड असतो आणि लपलेला असतो तो आकडा. हा आकडा बहुधा आकाशातला असतो. चंद्राची एखाद्या दिवसाची जागा, कलियुगाच्या आरंभापासून लोटलेले दिवस, वर्तुळाच्या परिघाचे माप, असे काहीतरी. गाणारा गातो, ऐकणारा माना डोलावतो, आणि दोघांच्याही नकळत एक संख्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते.

हे आकडे का लपवले गेले, आणि आज कोणी ‘अमुक स्तोत्रात तमुक आकडा दडला आहे’ असे सांगू लागला तर त्यावर विश्वास कसा ठेवावा, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावा असे आम्हांस वाटते. दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरावाचून सुटत नाही, म्हणून आरंभ पहिल्यापासून.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागाला ‘गीतिकापाद’ असे नाव दिले. गीती नावाच्या वृत्तातले मोजके श्लोक, आणि त्यांत ग्रहगणिताला लागणाऱ्या सगळ्या मूळ संख्या. त्यासाठी त्याने अक्षरांना किंमत आणि स्वरांना स्थान देणारी स्वतःची पद्धत बेतली. तीत ‘ख्युघृ’ या दोन अक्षरांत एका महायुगातील सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या मावतात. काटकसर इतकी, की त्यापुढे अंकात लिहिणेही लांबलचक वाटावे. पण या गीतिकेतल्या शब्दांना अर्थ नाही. ती वृत्तात बसते, पण जिभेवर बसत नाही. एखादी मात्रा इकडची तिकडे झाली तर संख्या शंभरपटीने बदलते, आणि चूक झाल्याचे सांगणारा अर्थ सोबतीला नसतो.

दुसरी वाट भूतसंख्येची. जगात जी वस्तू जितकी, तितका तिचा अंक. चंद्र आणि पृथ्वी प्रत्येकी एक म्हणून १, डोळे २, अग्नी ३, वेद ४, मदनाचे बाण ५, ऋतू ६, ऋषी ७, वसू ८, दिशा १०, रुद्र ११, आदित्य १२, नक्षत्रे २७, देव ३३. आकाश म्हणजे शून्य. अंक उजवीकडून डावीकडे, म्हणजे एकं स्थानापासून वाचायचे. या पद्धतीचे मोठे बळ म्हणजे पर्यायी शब्द. तीन हा अंक अग्नी, वह्नी, हुताशन, गुण, राम, लोक यांपैकी कशानेही सांगता येतो. वृत्ताला जो शब्द मानवेल तो घ्यावा. खगोलशास्त्र्याला कवी व्हावे लागले ते हौसेने नव्हे, गरजेने, आणि त्या गरजेतून श्लेषाची गोडी लागली असे म्हणायला हरकत नाही.

भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष असेच सांगितले आहे. रस, गुण, पूर्ण आणि मही, म्हणजे ६, ३, ०, १. उलट वाचून शके १०३६, अर्थात इ. स. १११४. येथे एक शंका काढता येते. साहित्यशास्त्रात रस नऊ मानतात. मग शके १०३९ का नव्हे? उत्तर असे, की गणिताच्या ग्रंथांत रस म्हणजे जिभेचे षड्रस हा संकेत ठरलेला आहे. त्याच श्लोकात आचार्य सांगतात की वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला, आणि त्यांच्या ‘करणकुतूहल’ या दुसऱ्या ग्रंथाचा आरंभकाळ शके ११०५ आहे. या साऱ्याचा मेळ १०३६ शी बसतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. घराण्याचा तो दगडी पुरावाही याच काळाकडे बोट दाखवतो. शब्दाचे दोन अर्थ होतात तेव्हा निवाडा शब्दाबाहेरच्या साक्षीने करायचा, हा नियम पुढे लागणार आहे.

या साऱ्या पद्यखटाटोपाची तक्रार करणाराही एक थोर साक्षीदार आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. येथील विद्वान शास्त्रेही पाठांतराच्या सोयीसाठी पद्यात लिहितात, आणि वृत्ताच्या ओढाताणीत भाषा कृत्रिम व पाल्हाळिक होते, असे त्याने त्रासून नोंदवले आहे. तक्रार रास्त आहे. परंतु दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ताडपत्रावर अंक लिहिला आणि नकलकाराने तिनाचा दोन केला, तर ती चूक शोधण्याचा मार्ग उरत नाही. ‘हुताशन’ या शब्दाचा ‘नेत्र’ मात्र चुकून होत नाही, आणि झालाच तर वृत्त मोडते. वृत्त हा आकड्याचा पहारेकरी होता.

तिसरी आणि आमच्या विषयाला सर्वांत जवळची पद्धत म्हणजे कटपयादी. तिची किल्ली सोपी आहे. क ते झ यांना १ ते ९, तसेच ट ते ध यांना १ ते ९. प ते म यांना १ ते ५. य ते ह यांना १ ते ८. ळ म्हणजे ९. ञ, न आणि व्यंजनाविना आलेला स्वर यांना शून्य. जोडाक्षरातले शेवटचे व्यंजन मोजायचे, आणि अंक पुन्हा उजवीकडून डावीकडे. वाचकाने मराठी शब्दांवर ही किल्ली चालवून पाहावी. ‘सूर’ म्हणजे स ७, र २. उलट वाचून २७, म्हणजे नक्षत्रांची संख्या. ‘शीतल’ म्हणजे ५, ६, ३. उलट वाचून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. आर्यभटाच्या अक्षरांना जे साधले नाही ते येथे साधते. संख्या आखूड राहते आणि शब्दाला अर्थही येतो. एका अंकासाठी तीन-चार व्यंजने मोकळी आणि स्वर सगळेच मोकळे, त्यामुळे रचणाऱ्याला खेळायला भरपूर अंगण मिळते.

या अंगणात केरळच्या ज्योतिर्विदांनी जे खेळ मांडले त्यांना तोड नाही. परंपरेने वररुचीच्या नावावर असलेली ‘चंद्रवाक्ये’ घ्या. चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ येतो, दूर जातो आणि पुन्हा जवळ येतो, याला सुमारे २७.५५ दिवस लागतात. अशा नऊ फेऱ्यांचे जवळजवळ नेमके २४८ दिवस होतात. म्हणून वाक्ये २४८, दिवसाला एक. प्रत्येक वाक्य संस्कृतात काहीतरी अर्थपूर्ण बोलते आणि त्याच अक्षरांतून त्या दिवसाची चंद्राची जागा सांगते. पहिले वाक्य वाणीच्या कल्याणकारी असण्याविषयी आहे. त्याची अक्षरे ३, ०, २, १, म्हणजे उलट वाचून १२ अंश ३ कला. चौदाव्या शतकात संगमग्राम येथील माधवाने ही वाक्ये नव्याने रचून विकलांपर्यंत सूक्ष्म केली. ज्याला २४८ छोटी वाक्ये पाठ, त्याच्या जिभेवर चंद्राचे कोष्टक तयार.

पाठ असणे आणि कळणे या दोन गोष्टी वेगळ्या, हेही याच परंपरेने दाखवून दिले आहे. दक्षिणेत राहिलेल्या जॉन वॉरनने १८२५ मध्ये छापलेल्या ‘कालसंकलित’ ग्रंथात एका तमिळ पंचांगकर्त्याची हकिकत दिली आहे. त्या गृहस्थाला ज्योतिषसिद्धांताचा गंध नव्हता, पण स्मरणशक्ती दांडगी होती. जमिनीवर कवड्या मांडून, सांकेतिक शब्दांत पाठ केलेल्या कोष्टकांच्या आधारे, त्याने ३१ मे–१ जून १८२५ चे चंद्रग्रहण वर्तवले. प्रारंभात चूक ४ मिनिटांची, मध्यात २३, शेवटात ५२. पुढे विसाव्या शतकात ऑटो न्यूगेबावर या इतिहासकाराने प्राचीन गणिताच्या प्रवासाचा जिवंत पुरावा म्हणून ही हकिकत जगापुढे ठेवली.

आम्हांस ही घटना या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. सिद्धांत विसरला गेला, रचणारे गेले, आणि तरीही शब्दांच्या पोटात ठेवलेला आकडा इतका शाबूत राहिला की त्यावर ग्रहण पकडता आले. एखाद्याला यात ज्ञानाचा ऱ्हास दिसेल, आणि तो आहेच. ज्याला वाक्य पाठ आहे पण त्याचे कारण ठाऊक नाही तो चुकीची दुरुस्ती करू शकत नाही. पण जे गणित कळत नाही तेही खराब न करता पुढे पोहोचवता येणे, हीदेखील थोडी सोय नव्हे.

आता याच केरळी मंडळींतला एक नाजूक खेळ पाहू. १४४४ मध्ये जन्मलेल्या नीलकंठ सोमयाजीने ‘तंत्रसंग्रह’ हा खगोलग्रंथ लिहिला. आरंभी विष्णूला हाक आहे, अखेरीस लक्ष्मीपतीचे स्मरण. रीतसर मंगलाचरण म्हणून कोणीही पुढे सरकेल. परंतु शंकर वारियर हा टीकाकार सांगतो की या दोन्ही जागी ग्रंथाच्या आरंभाचा व समाप्तीचा दिवस कलियुगाच्या दिवसगणतीत लिहिला आहे. किल्ली लावून पाहावी. ‘हे विष्णो’ या हाकेतून ८, ४, ५. ‘लक्ष्मीश’ या नावातून ३, ५, ५. दोन्ही ठिकाणी पुढच्या पाच अक्षरांचे अंक तेच: ०, ८, ६, १, ०. उलट वाचल्यावर पहिली संख्या १६,८०,५४८ आणि दुसरी १६,८०,५५३ येते. इ. स. पू. ३१०२ च्या १८ फेब्रुवारीपासून इतके दिवस मोजत आलो तर आपण जुन्या ज्युलियन गणनेने २२ मार्च आणि २७ मार्च १५०० या दिवशी पोहोचतो.

आणि या दुसऱ्या दिवशी आकाशात काय होते? त्या काळच्या गणिताने त्याच दिवशी सूर्य मेष राशीत येत होता. सौरवर्ष संपून नवे सुरू होण्याच्या दिवशी ग्रंथ पुरा झाला. चारशेहून अधिक श्लोक पाच दिवसांत रचले, की पाच दिवसांत त्यांवर शेवटचा हात फिरवला, हे अंक सांगत नाहीत. पण कूट खरे असल्याची तीन प्रमाणे येथे एकत्र मिळतात: त्याच परंपरेतल्या टीकाकाराची साक्ष, ठरलेल्या किल्लीने विनातक्रार निघणारी संख्या, आणि त्या संख्येशी जुळणारे आकाश. या दोन्ही मंगलाचरणांत ‘निहित’ हा एक शब्द समान आहे. त्याचा अर्थ ‘ठेवलेले’. लपवलेल्या वस्तूलाही तोच शब्द लागतो, आणि सांभाळून ठेवलेल्या वस्तूलाही.

‘तंत्रसंग्रह’ काही गाण्याचा ग्रंथ नव्हे. पण तेथून शतकाच्या आतच हा खेळ खरोखरीच्या भक्तिगीतात शिरला. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी हा अच्युत पिषारटीचा शिष्य, आणि पिषारटी व्याकरणाइतकाच खगोलातही मुरलेला. भट्टतिरीने गुरुवायूरच्या कृष्णापुढे ‘नारायणीय’ रचले. शंभर दशके आणि हजाराहून अधिक श्लोक. तो वातव्याधीने ग्रासला होता आणि स्तोत्र पुरे होताच बरा झाला, अशी परंपरा आहे. स्तोत्राची अखेर आयुष्य, आरोग्य आणि सौख्य मागणाऱ्या एका समासाने होते. त्या समासाची अक्षरे कटपयादीने मोजली की ०, १, २, २, १, ७, १ असे अंक मिळतात. उलट वाचून १७,१२,२१०. कलियुगाचा हा दिवस इ. स. १५८६ च्या नोव्हेंबरअखेर येतो. आजही गुरुवायूरला आणि जेथे जेथे मल्याळी माणूस पोहोचला तेथे हे स्तोत्र म्हटले जाते. आरोग्य मागणाऱ्या लाखो मुखांतून दरवेळी एक दिनांक उच्चारला जातो. ज्याला आकडा ठाऊक नाही त्याचे मागणे त्यामुळे उणे होत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला आजारी कवीच्या सुटकेचा दिवस त्याच मागण्यात सापडतो. श्लेषाचे याहून सार्थ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

केरळातून तंजावरकडे वळले की हीच विद्या संगीतात भेटते. सतराव्या शतकात व्यंकटमखीने ‘चतुर्दंडिप्रकाशिके’त स्वरांच्या गणिती जुळणीतून ७२ मेळ सिद्ध केले. त्यांचे सहा-सहाचे बारा गट, म्हणजे चक्रे, झाली. त्यांची नावे इंदू, नेत्र, अग्नी, वेद, बाण, ऋतू, ऋषी, वसू, ब्रह्म, दिशी, रुद्र, आदित्य. वाचकाने वरची भूतसंख्येची यादी आठवावी. एकपासून बारापर्यंतचे ज्योतिषाचे आकडेच येथे चंद्रापासून सूर्यापर्यंत रांगेत उभे आहेत. पुढे प्रत्येक मेळाला असे नाव दिले गेले की त्याची पहिली दोन अक्षरे कटपयादीने त्याचा क्रमांक सांगतील. त्यासाठी जुन्या रागांच्या नावांमागे शब्द जोडावे लागले. शंकराभरणाचा झाला ‘धीरशंकराभरण’: ध ९, र २, म्हणून २९. कल्याणीची झाली ‘मेचकल्याणी’: म ५, च ६, म्हणून ६५. दुसऱ्या एका नामावलीत तीच ‘शांतकल्याणी’ आहे. श ५, त ६, पुन्हा ६५. नावे दोन, अर्थ दोन, आकडा एक. क्वचित नियमही वाकतो. सोळाव्या ‘चक्रवाका’तील ‘क्र’ मध्ये शेवटचा र न धरता क धरावा लागतो, नाहीतर २६ येतील. हे वाकणे खपते, कारण रागाचे यादीतले स्थान स्वरांवरून स्वतंत्रपणे ठरलेले असते. आकडा पडताळायला दुसरा साक्षीदार आहे. भोसल्यांच्या तंजावर राज्यातील तुळजाजी राजाने अठराव्या शतकात ‘संगीतसारामृत’ लिहिले. व्यंकटमखीनंतरच्या या संगीतविचारात मराठी राजघराण्याचा हात आहे, एवढे आपण विसरू नये.

त्याच कावेरीकाठच्या मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या (१७७५–१८३५) नवग्रह कृती म्हणजे आकाश, शब्द आणि ताल यांची तिहेरी वीण. सूर्यापासून शनीपर्यंतच्या सात कृती सात वारांच्या क्रमाने येतात, आणि त्याच क्रमाने ध्रुव, मठ्य, रूपक, झंपा, त्रिपुट, अट व एक हे सात ताल. वाराचा अधिपती ठाऊक असेल तर ताल आठवतो, ताल ठाऊक असेल तर ग्रह. कृतींच्या शब्दांत ग्रहांची घरे सांगितली आहेत: सूर्य सिंहेचा स्वामी, मंगळ मेष-वृश्चिकेचा, शनी मकर-कुंभेचा. सूर्याची कृती सौराष्ट्र रागात आहे. तीत सूर्याच्या आठ अक्षरी मंत्राला ‘सौराष्टार्ण’ म्हटले आहे. ‘सौर’, ‘अष्ट’ आणि ‘अर्ण’ म्हणजे अक्षर, असा सरळ विग्रह. पण गाताना कानावर रागाचेच नाव पडते. राहू-केतूच्या कृती दीक्षितरांच्याच का, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. अर्थात राशींचे स्वामी हा खगोलापेक्षा फलज्योतिषाचा प्रांत; पण लपवण्याची कारागिरी तीच.

एवढे पाहिल्यावर दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. गेली कित्येक वर्षे कृष्णाच्या एका स्तोत्राचा श्लोक हातोहात फिरतो आहे. त्यात कटपयादीने ‘पाय’ ही संख्या, म्हणजे परिघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, बत्तीस दशांश स्थळांपर्यंत दडलेली आहे आणि म्हणून आपल्या प्राचीन ऋषींना ती ठाऊक होती, असे सांगण्यात येते. अंक खरोखरीच निघतात. प्रश्न श्लोक कोणाचा आणि केव्हाचा एवढाच आहे. तो भारती कृष्णतीर्थ (१८८४–१९६०) यांच्या, निधनोत्तर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक गणित’ या ग्रंथात भेटतो. त्यापूर्वीच्या एखाद्या हस्तलिखितात, टीकेत किंवा गणितग्रंथात तो दाखवला गेलेला नाही. ग्रंथातल्या सूत्रांविषयीही गणितेतिहासाचे अभ्यासक कृपाशंकर शुक्ल यांनी लिहून ठेवले आहे, की १९५० मध्ये अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील प्रत त्यांनी स्वामीजींपुढे ठेवली, तेव्हा ही सूत्रे आपल्याच परिशिष्टात आहेत, अन्य कोठे नाहीत, असे उत्तर मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणिती श्री. गो. दाणी यांनीही नव्वदच्या दशकात या दाव्यांची सविस्तर तपासणी केली होती.

आमची स्वतंत्र शंका किल्लीविषयी आहे. या श्लोकाचे अंक डावीकडून उजवीकडे वाचावे लागतात. वर पाहिलेली सर्व कूटे उजवीकडून डावीकडे जातात. केवळ दिशेवरून निकाल देता येणार नाही, कारण दुसऱ्या आर्यभटाने ‘महासिद्धांता’त अक्षरांक डावीकडूनच लिहिले आहेत. परंतु ज्या केरळात हा खेळ भरभराटीला आला तेथे खरोखरीच रचलेले एक ‘पाय’कूट उपलब्ध आहे. कडत्तनाडच्या राजघराण्यातील शंकरवर्म्याने १८१९ च्या सुमारास रचलेल्या ‘सद्रत्नमाले’त ही संख्या सतरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर दिली आहे, कटपयादीत आणि उजवीकडून डावीकडे. त्याच्याही चार शतके आधी माधवाने नऊ निखर्व व्यासाच्या, म्हणजे नवावर अकरा शून्ये इतक्या व्यासाच्या, वर्तुळाचा परिघ भूतसंख्येत २८,२७,४३,३३,८८,२३३ असा सांगितला; देव म्हणून ३३, नक्षत्रे म्हणून २७, हत्ती म्हणून ८. भागाकार केला की ‘पाय’ अकरा दशांश स्थळांपर्यंत अचूक येते.

येथे नुकसान कोणाचे होते हे पाहिले पाहिजे. माधवाजवळ आकडा होता, आणि तो कसा काढला याची अनंत श्रेणीही होती. युरोपात ती श्रेणी निघण्याआधी अडीचशे वर्षे ती त्याच्या शिष्यपरंपरेत चालू होती. चार्ल्स व्हिश या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिच्याकडे लक्ष वेधले, तरी तिला मान्यता मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. के. व्ही. शर्मा यांच्यासारख्यांनी आयुष्य घालून पोथ्या संपादित केल्या. एवढे सिद्ध वैभव हाताशी असताना आपण अज्ञात ऋषीच्या नावावर एक विसाव्या शतकातला श्लोक खपवतो, तेव्हा माधव आणि नीलकंठ यांनाच झाकून टाकतो. त्यांची मोजणी, त्यांच्या चुका, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुरुस्त्या, हे सगळे गायब होते आणि आयते सर्वज्ञान उरते.

या परंपरेला गुप्ततेची हाव नव्हती, याचा सर्वांत मोठा पुरावाही तिच्याच घरातला आहे. सोळाव्या शतकात, सुमारे १५३० मध्ये, ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ लिहिली. संस्कृतात नव्हे, मल्याळीत. श्लोकात नव्हे, गद्यात. आणि तीत प्रत्येक नियमाची उपपत्ती पायरीपायरीने दिली. ज्ञान लपवायचेच असते तर कोणी असा ग्रंथ देशभाषेत लिहिला नसता. पाठ करायचा तो आकडा श्लोकात आणि समजून घ्यायचे ते कारण गद्यात, अशी ही वाटणी दिसते. अर्थात हे दरवाजे सर्वांना उघडे होते असा दावा आम्ही करत नाही. वारियर, पिषारटी अशी देवळाच्या सेवेतली घराणी नंबूद्रींच्या बरोबरीने या विद्येत होती, इतपत ती पसरली. त्यापलीकडच्या माणसाच्या वाट्याला बहुधा नुसते गाणे आले, किल्ली आली नाही. वॉरनच्या पंचांगकर्त्याला तर गाणे आणि किल्ली दोन्ही मिळाल्या, कारण मात्र कोणी सांगितले नाही.

म्हणून एखाद्या गीतात आकडा दडला आहे असे कोणी सांगितले, तर आम्ही त्याला चार गोष्टी विचारू. हे गीत यापूर्वी कोणी, केव्हा उतरवून घेतले आहे? किल्ली त्या परंपरेची आहे, की उत्तर पाहून बेतलेली? त्या घरातला कोणी जुना जाणकार याची साक्ष देतो का? आणि आकड्याचा पडताळा गीताबाहेर, आकाशात किंवा गणितात, स्वतंत्रपणे मिळतो का? नीलकंठाचे मंगलाचरण या चारही प्रश्नांना उभे राहते. कृष्णाच्या त्या श्लोकातले गणित बरोबर आहे, पण तो पहिल्याच प्रश्नाला अडतो. ज्याने तो रचला त्याच्या चातुर्याला दाद द्यावी, आणि त्याचे वय मात्र खरे सांगावे. नीलकंठाने आपल्या ग्रंथाचा दिवस जसा एका दिवसाचीही गफलत न करता सांगून ठेवला, तसे.